नऊ मुलांची एकच चूक

माझा धंदा काय, हे मला गावाकडं कधीच धड सांगता आलं नाही. "परीक्षांचं काम करतो" म्हटलं तर लोक म्हणायचे, म्हणजे मास्तर. "मास्तर नाही, प्रश्न तयार करतो आणि आलेल्या उत्तरांचा अभ्यास करतो" असं म्हटलं की समोरचा खुर्ची जवळ ओढायचा आणि आवाज बारीक करून विचारायचा, "मंग आपल्या पोराचं काय जमंल का?" एका सोयऱ्यानं तर लग्नाच्या पंगतीत, बुंदीची परात हातात धरून, मला दहावीच्या गणिताच्या पेपराचं विचारलं. मी रागानं ताटावरून उठलो. नंतर वाटलं, बुंदी तरी खाऊन उठायला हवं होतं.

बीडला शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत मी जवळजवळ तीस वर्षं हे काम केलं. मुलांना काय येतं हे तपासायचे प्रश्न बनवायचे, शाळाशाळांतून चाचण्या घ्यायच्या आणि उत्तरपत्रिका आल्या की त्यांच्यावर महिना महिना बसायचं. चार पर्यायांचा प्रश्न लोकांना सोपा वाटतो. त्यातला बरोबर पर्याय कुणीही लिहील. चुकीचे तीन असे लिहायचे असतात, की मूल चुकलं तर कुठं अडखळून चुकलं ते आपल्याला कळावं. मी त्या तीन पर्यायांवर रात्रंदिवस डोकं घालायचो. घरात बायको म्हणायची, तुम्हाला बरोबर काही आवडतच नाही.

हे सगळं मला ज्या बाईमुळं करता आलं, ती माझी आक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आईवडील काही वर्षं उसतोडीला जायचे, तेव्हा आम्ही दोघं गावात मागं राहायचो. आक्का भाकरी करायची, माझी पाटी पुसायची, स्वतः शाळेला जायची आणि मला ओढत न्यायची. पुढं ती शिक्षिका झाली आणि पाटोद्याच्या पलीकडं एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झाली. मला अध्यापक विद्यालयात तिनंच घातलं. मी साहेब झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी ती मला चारचौघांत "बाळा" म्हणायची. कार्यालयातले लोक तोंड फिरवून हसायचे.

दरवर्षी जानेवारीत मी नव्या प्रश्नांचा गठ्ठा घेऊन तिच्या शाळेत जायचो. छापायला देण्याआधी प्रश्न खऱ्या मुलांवर करून बघावे लागतात, आणि मला आक्काच्या मुलांइतकी खरी मुलं कुठं मिळाली नाहीत. वाटेत मांजरसुंब्याला चहा घ्यायचा आणि शाळा भरायच्या आत पोचायचं. मुलं प्रश्न सोडवायची, आक्का माझ्या मागं उभी राहून बघायची आणि नंतर माझी हजेरी घ्यायची. "घरात दिवा लावायला आपण काय दाबतो, असं विचारलंस. दाबतो काय? आमच्यात तारंवर आकडा टाकतेत." मी तो प्रश्न खोडायचो.

त्या वेळी वर्ग अर्धा रिकामा असायचा. दसऱ्यानंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर उसाला गेलेली असायची आणि पाडव्याच्या पुढंमागं परतायची. आक्का दरवर्षी एकदा तरी म्हणायचीच, "माझी अर्धी शाळा फडात हाय बाळा. त्यांच्यावर कवा बघणार तुझे प्रश्न?" मी म्हणायचो, "आक्का, वेळापत्रक वरून येतं." वेळापत्रक वरून यायचं हे खरंच होतं. पण एप्रिलच्या चाचणीला ती मुलंही बसतात आणि प्रश्न मात्र त्यांना न विचारता ठरतात, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कधी वर तसं लिहिलं नाही.

माझं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. मी कॉपी पकडायचो. तेही शाळेत न जाता, माझ्या टेबलाशी बसून. बरोबर उत्तर शंभर मुलांचं सारखं आलं तर त्यात नवल नसतं. चूक मात्र ज्याची त्याची वेगळी असते. एका वर्गातली पुष्कळ मुलं एकाच प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर देत असतील, आणि तेही जिल्ह्यात दुसरं कुणी देत नाही असं उत्तर, तर कुणीतरी ते सांगितलेलं असतं. या हिशेबानं मी बऱ्याच शाळा पकडल्या. एका ठिकाणी गुरुजींनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहून दिली होती आणि त्यातली सहा त्यांचीच चुकली होती. तो किस्सा मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मला त्या हसण्याची चटक लागली होती.

उत्तरांच्या तक्त्यावर शाळेचं नाव नसायचं, नुसता आकड्यांचा संकेतांक असायचा. नाव मागवता यायचं, पण मी मागवत नसे. ओळखीची शाळा निघाली तर हात अडखळेल म्हणून मी स्वतःला लावून घेतलेली ती शिस्त होती. मुलांची वर्षभराची हजेरी वेगळ्या नमुन्यात यायची आणि वेगळ्या कपाटात जायची. तीही मी बघत नसे. या न बघण्याचा मला फार अभिमान होता.

आक्काच्या निवृत्तीला साधारण एक वर्ष राहिलं होतं, तेव्हाची गोष्ट. चौथीच्या चाचणीत लांबी मोजण्याचे चार प्रश्न होते. चित्रात पट्टी, पट्टीवर ठेवलेली पेन्सिल, काडी, पान, खिळा. पेन्सिल शून्यापासून सहापर्यंत. उत्तर सहा. सात हा पर्याय मी रेघा मोजणाऱ्या मुलांसाठी ठेवला होता. पाच हा नुसता जागा भरायला घातला होता, तो कुणी निवडेल असं मला वाटलंही नव्हतं. तक्ते आले तेव्हा जिल्हाभर तसंच दिसलं, पाचाला कुणी हात लावला नव्हता. एका शाळेत मात्र सोळापैकी नऊ मुलांनी पाच लिहिलं होतं. काडी आठची होती, त्यांनी सात लिहिली. चारही प्रश्नांना, नऊच्या नऊ मुलांनी, खऱ्याहून एकानं कमी.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? इतकं स्वच्छ प्रकरण माझ्या हाती कधी आलं नव्हतं. मी लाल खूण केली, शेरा लिहिला, "उत्तरे सांगितली गेल्याचा दाट संशय. चौकशी व्हावी." सही केली आणि शिपायाला चहा सांगितला.

दहा-बारा दिवसांनी घरी जेवत असताना बायकोचा फोन वाजला. माझ्या मेव्हण्याचा, आक्काच्या नवऱ्याचा होता. तिनं ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि फोन खाली ठेवून म्हणाली, "आक्कांच्या शाळेवर कॉपीची चौकशी आली म्हणे. त्यांना नोटीस दिली." मी विचारलं, "कोणत्या वर्गाची?" ती म्हणाली, "चौथीची." मी तेव्हाच ओळखलं.

चौकशीला दोन अधिकारी गेले होते. चाचणीच्या दिवशी दुसऱ्या शाळेचे एक गुरुजी पर्यवेक्षक होते. त्यांनी कबूल केलं की दहा मिनिटं आपण पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. तेवढं पुरेसं झालं. मग त्या नऊ मुलांना एकेकटं बोलावून विचारलं, "बाईंनी उत्तरं सांगितली का?" मुलं घाबरून रडली. मुलं रडली हेसुद्धा त्यांनी कागदावर घेतलं. वस्तीवरची माणसं दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बत्तीस वर्षं जिनं त्यांची पोरं शिकवली, काहींचे तर आईबापही शिकवले, तिला त्या दारातल्या लोकांसमोर विचारण्यात आलं, "बाई, रिटायर व्हायच्या वयात हे कशाला?"

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेलो. ती ज्वारी निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"त्या कागदावर तुझी सही हाय का रे?"

"हाय, आक्का."

"माझी शाळा हाय, ह्ये ठावं होतं?"

"नाही. नाव नसतं त्याच्यावर."

"बरं." तिनं सूप पाखडलं, खडे बाजूला काढले. शेवटी म्हणाली, "मी सांगितलं न्हाई बाळा. पण तू म्हणतोस तर त्या नऊजणांचं सारखं आलंय, ह्ये बी खरंच आसंल. कसं आलं ते तू हुडकून दे. तुझंच काम हाय ते. येक वरीस राहिलं माझं. मला ह्या आळासकट घरी बसवू नको."

तिनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

मी वस्तीवर गेलो. नऊ मुलांची नावं बघितली आणि पहिल्यांदाच हजेरीचा नमुना शेजारी ठेवला. नऊच्या नऊ उसाला गेलेली होती. उरलेली सात गावात राहिलेली, आणि त्या सातांची उत्तरं बरोबर होती. दोन कागद शेजारी ठेवायचं काम मी तीस वर्षांत केलं नव्हतं.

मुलांना मी लिंबाखाली बसवलं. खरी पट्टी दिली, एक काडी दिली आणि एका मुलीला म्हटलं, मोज बरं. तिनं काडी शून्यावर नीट लावली, दुसरं टोक बघितलं, नऊ. मग ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "आठ."

"नऊवर टोक आलंय की गं. आठ कावून?"

"येक काढायचा आस्तो."

"कुणी सांगितलं?"

"ताईनं. तळावर."

ताई म्हणजे त्याच वस्तीवरची एक तेरा वर्षांची मुलगी. चौथीपर्यंत आक्काकडं शिकलेली, पुढं नाव सातवीत, पण वर्षातले सहा महिने उसात. उसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांच्या रांगेत, आईबाप फडात गेले की लहान भावंडं सांभाळायचं काम तिचं. तिनं स्वतःच्या भावंडांबरोबर इतरांचीही गोळा केली आणि दुपारी शाळा भरवायला लागली. ती उसाला निघताना आक्कानं तिच्या पिशवीत चौथीची पुस्तकं घातली होती आणि म्हणाली होती, "माझ्या पोरांकडं ध्यान दे गं."

मी तिच्या घरी गेलो. तिनं पिशवीतून पट्टी काढून दाखवली. लाकडी, टोकाला मोडलेली. शून्याचा तुकडाच गेला होता, पट्टी एकपासून सुरू होत होती. "बैलगाडीच्या चाकाखाली आली," ती म्हणाली. "मंग मी म्हणलं, पट्टी येकापसून हाय, म्हंजी सरळ वाचलं तर येक जास्तीचा येतोय. तर शेवटी येक काढा."

मी तिच्या दारात, बाजेवर बसून राहिलो. त्या तळावर ना फळा, ना मास्तर, ना धड पट्टी. आणि या पोरीनं पट्टीचं मोडलेलं टोक डोक्यात धरून लांबी शिकवली होती. त्या पट्टीवर तिचं शंभर टक्के बरोबर होतं. शून्यापासून आखलेली पट्टी मुलांच्या पुढं आली ती थेट माझ्या चाचणीत. ज्याला मी कॉपी म्हटलं होतं, ते कुणीतरी फार मन लावून शिकवलेलं आणि नऊ पोरांनी तितकंच मन लावून शिकलेलं होतं. मी तिच्या आईला म्हटलं, "उद्या चौकशीवाले साहेब परत येणार आहेत. पोरीला घेऊन शाळेत या. तिचं काम आहे."

मी इथंच थांबायला पाहिजे होतं आणि नीट विचार करायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी आई लेकीला घेऊन आली. आईनं ठेवणीतलं चांगलं लुगडं नेसलं होतं, पोरीच्या वेण्यांना रिबिनी बांधल्या होत्या. माझ्या बोलण्यावरून त्यांना वाटलं असणार, काहीतरी कौतुक होणार. दारात पुन्हा तीच माणसं. दोन्ही अधिकारी खुर्च्यांवर. मी तज्ज्ञ म्हणून उभा राहिलो. तज्ज्ञ उभा राहिला की त्याला आपला आवाज फार आवडायला लागतो.

मी नवी पट्टी आणि काडी घेतली आणि एकेका मुलाला पुढं बोलावलं. पहिल्यानं एक कमी सांगितलं, दुसऱ्यानं एक कमी सांगितलं, तसं सगळ्यांनी. दारातली माणसं बघत राहिली. अधिकारी पुढं सरकून बसले. मग मी त्या मुलीला बोलावलं.

"यांना मोजायला तू शिकवलंस?"

"व्हय साहेब."

"शेवटी एक काढायचा, असं?"

"व्हय."

मी अधिकाऱ्यांकडं वळलो. "ही चूक इथली आहे. बाईंनी काही सांगितलेलं नाही. या मुलीनं शिकवलेलं मुलांनी जसंच्या तसं उतरवलं."

एक अधिकारी लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी हिनं चुकीचं शिकवलं."

मुलगी म्हणाली, "साहेब, आमची पट्टी..."

"थांब बाळ," मी म्हटलं. "झालं आपलं काम."

पट्टीची गोष्ट मला माहीत होती. आदल्या दिवशीच मी ती हातात धरून बघितली होती. पण ती सांगायला बसलो असतो तर अधिकाऱ्यांनी दहा प्रश्न विचारले असते, कागद लांबला असता, आणि मला त्या क्षणी आक्काचं नाव त्या कागदावरून काढायची घाई झाली होती. कागदावर वाक्य आलं, "अप्रशिक्षित मुलीच्या चुकीच्या शिकवणीमुळे." मी खाली सही केली. दारातून कुणीतरी म्हणालं, "हिच्यापायी बाईला ताप झाला व्हय." दुसरा कुणी हसला. मुलीच्या आईनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि लेकीचा दंड धरून तिला बाहेर नेलं. पोरगी मागं वळून आक्काकडं बघत होती.

आक्का सुटली. नोटीस मागं घेतली गेली. मला वाटलं, ती आता मला जवळ घेईल. घरी गेलो तर तिनं माझ्यासाठी चहा टाकला आणि स्वतः घेतला नाही.

"तू मला सोडवलंस रे," ती म्हणाली. "तिला कावून बांधलंस?"

मी म्हटलं, "लहान पोर आहे आक्का, विसरून जाईल. तिला काय नोटीस थोडीच आली?"

"तिची पट्टी मी बी जाऊन बघितली. तिचं काय चुकलं, मला सांग. तू शिकलेला हायस."

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "परत लिव. पोरीचं बरोबर होतं, पट्टी मोडली होती, आन् तुझा अंदाज चुकला, आसं लिव."

मी बीडला आल्यावर खरंच विचारून बघितलं. फाईल सांभाळणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. म्हणाले, "साहेब, बंद झालेली फाईल हाय. बाईंचं येकच वर्ष राहिलंय. आता उघडली तर त्यांचे निवृत्तीचे कागद हिच्यात गुंततील, मग मला म्हणू नका." हे मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गुंतू दे. मला कुठं जायचंय?"

मी लिहिलं नाही. तिच्यासाठीच गप्प बसलो, असं मी स्वतःला कितीतरी महिने सांगत होतो. खरं एवढंच, की ज्या नियमावर माझं नाव झालं होतं तो माझ्याच घरात सपशेल फसला, हे माझ्या हातानं लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. पुढच्या प्रशिक्षणातही मी त्या सहा चुकीच्या उत्तरांच्या गुरुजींचा किस्सा सांगितला आणि लोक हसले.

दसऱ्यानंतर उसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आक्का दरवर्षीसारखी चौथीची पुस्तकं घेऊन त्या मुलीकडं गेली. सामान गाडीत चढत होतं. मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. मला न्हाई जमायचं." आक्कानं खूप समजावलं. ती मान खाली घालून भांडी बांधत राहिली. आक्का पुस्तकं घेऊन परत आली. हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

एप्रिलमध्ये आक्काच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला. मी आदल्या दिवशी वस्तीवर गेलो. मुलं उसाहून परतली होती, चेहरे रापलेले, वर्गात अजून नवख्यासारखी बसलेली. चौथीची पाचवीत गेली होती, तिसरीची चौथीत आली होती. मी लहानांना विचारलं, "यंदा तळावर शाळा भरली का रे?"

"न्हाई," एक मुलगी म्हणाली. "ताई म्हणती, मला येत न्हाई."

"मग दुपारी काय करायचा?"

"काई न्हाई. बसायचो."

मी विचारलं, तुला पुस्तकातलं काय वाचता येतं. तिनं पुस्तक उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. शेजारच्या दोघांचं तसंच. आदल्या वर्षीच्या त्या नऊजणांनी माझ्या पेपरातलं बाकी सगळं कसं सोडवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मी त्यांच्या फक्त चार चुका बघितल्या होत्या.

आक्काला बरोबर घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेलो. ती दारापुढं राखेनं भांडी घासत होती. वर्षभरात एकदम मोठी झाल्यासारखी दिसत होती. आईनं पोतं अंथरलं, पण मी उभाच राहिलो. जे त्या दिवशी शाळेत बोलायला हवं होतं ते सगळं बोललो. पट्टी मोडली होती, त्या पट्टीला एक काढायचं तिचं बरोबर होतं, मुलंही ते बरोबर शिकली होती, चूक माझ्या प्रश्नाची होती आणि नंतर माझ्या तोंडाची. आईला म्हटलं, तुमच्या पोरीनं जे केलं ते मला तीस वर्षांत जमलं नाही.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. हातातली कढई खाली ठेवली. रागावल्यासारखी दिसत नव्हती. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं तिनं विचारलं,

"साहेब, मंग त्या दिशी कावून न्हाई म्हणलात?"

मी आक्काकडं बघितलं. ती माझ्या मदतीला आली नाही. तीही माझ्या तोंडाकडंच बघत होती, उत्तर ऐकायला. मुलीनं थोडा वेळ वाट बघितली आणि मग कढई उचलून पुन्हा घासायला लागली.